मधला माणूस



माझी अम्मी गावाकडे असते, मी शहरात. बारा वर्षांपासून तिला मधुमेह आहे. गेल्या रमजानमध्ये दुपारच्या वेळी तिला त्रास होऊ लागला, म्हणून मी रजा काढून गावी गेलो आणि मोबाइलवरून एका डॉक्टरांचा सल्ला घेतला. पडद्यावर डॉक्टर, बाजेवर अम्मी आणि मध्ये मी.

अम्मी म्हणाली, "जी घबराताय." मी डॉक्टरांना सांगितले, "तिला जरा अस्वस्थ वाटते." मी कविता लिहिणारा माणूस, नेमक्या शब्दासाठी रात्री जागवणारा. इथे मात्र सगळ्यांत गुळगुळीत शब्द पुढे केला. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या वेळेवर घेतात ना?" अम्मीने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "हो, अगदी वेळेवर."

दोन दिवसांनी असरच्या नमाजाच्या सुमारास अम्मी घामाने भिजली, हातपाय थरथरू लागले. उपकेंद्रातल्या सिस्टर मीटर घेऊन धावत आल्या. साखर ५२ वर आली होती. साखरेचे पाणी पाजल्यावर ती हळूहळू सावरली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी उपकेंद्रात बोलावले. 'ई-संजीवनी' ही केंद्र सरकारची दूरसल्ला सेवा २०१९ साली सुरू झाली. गावच्या उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून संगणकावरून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरूनही थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली.

तिथे आरोग्य अधिकारी असलेल्या ताईंनी मला बाजूला बसवले आणि अम्मीलाच विचारले, "आजी, रोजे चालू आहेत का? गोळी कधी घेता? घाबरल्यासारखं होतं तेव्हा घाम येतो का?"

अम्मीने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "सकाळची गोळी सहरीला घेते. डॉक्टर रोजा सोडा म्हणतील, म्हणून बोलले नाही."

म्हणजे पूर्ण गोळी पोटात आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. डॉक्टर रागावले नाहीत. मोठी मात्रा त्यांनी इफ्तारकडे नेली, सहरीची कमी केली. दुपारी साखर तपासा, ७० च्या खाली आली तर रोजा लगेच सोडा, असे बजावले. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, हे आमच्या मौलवीसाहेबांनीही सांगितले. हा सल्ला अम्मीपुरता. प्रत्येकाने रमजानच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

२५ मार्च २०२० रोजी सरकारने दूरसल्ल्याचे नियम जाहीर केले. रुग्णाच्या वतीने घरच्या माणसाला बोलता येते, पण त्यासाठी रुग्णाची संमती लागते. अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे अशा सल्ल्यात लिहून देता येत नाहीत. तातडीच्या प्रसंगी डॉक्टरांनी प्रथमोपचार सांगून रुग्णाला प्रत्यक्ष दवाखान्यात पाठवायचे असते. हे नियम वाचताना मी 'संमती' या शब्दापाशी थांबलो. अम्मीची संमती मी कधी विचारलीच नव्हती. तिच्या रक्ततपासणीच्या कागदाचा फोटो मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. काळजीपोटीच. पण दुसऱ्या दिवशी तिची चुलत नणंद फोन करून साखरेचा आकडा विचारू लागली, तेव्हा अम्मीचा चेहरा उतरला.

मित्रहो, यंत्राने अंतर कमी केले, याबद्दल शंका नाही. एका सल्ल्यासाठी एसटीने तालुक्याला जायचे, रांगेत बसायचे आणि अख्खा दिवस घालवायचा, हे अम्मीच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. तिचा तो त्रास वाचला. पण यंत्र पोचवते ते आपण सांगितलेलेच. सांगणाऱ्याने दुखणे झाकले, तर झाकलेलेच डॉक्टरांपर्यंत जाते. नाडी हातात नसलेल्या डॉक्टरांना रुग्णाच्या शब्दांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते. म्हणून ते शब्द रुग्णाचे असावेत, मुलाने सुधारून दिलेले नसावेत.

आता महिन्यातून एकदा अम्मीचा सल्ला असतो. मी फोन धरतो, ती बोलते. तिचे बोलून झाले की मी विचारतो, "अम्मी, मी काही सांगू?" कधी ती मान हलवते. कधी म्हणते, "तू चुप बैठ." मग मी चूप बसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)