भट्टीवरचा सेन्सर

(वस्ती कार्यकर्त्यांच्या तिमाही बैठकीत, जालना येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारूच्या प्रश्नावर बोला, असे मला सांगण्यात आले. हा विषय आपल्या बैठकीत नवा नाही. पण आज मी एका प्रश्नापासून सुरुवात करते. तो प्रश्न मला भोकरदन तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवरच्या मुलाने विचारला. मुलगा आयटीआयला जातो. आई विधवा आहे, ऊसतोडीला जाणे तिला आता झेपत नाही, आणि घराच्या मागे ती हातभट्टी लावते. हे आपल्याला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे की आपल्याला माहीत आहे.

एके दिवशी तो मुलगा खिशातून वायर निघालेली एक स्टीलची बारीक नळी काढून म्हणाला, "ताई, हा तापमानाचा सेन्सर. आईच्या भट्टीला लावला तर विषारी दारू होणार नाही ना? मग कुणी मरणार नाही."

मला लगेच उत्तर देता आले नाही. 'भट्टी हेच पाप' असे म्हणून मी मोकळी झाले असते, तर तो मुलगा पुन्हा कधी माझ्याशी बोलला नसता. म्हणून मी आधी समजून घेतले. जे समजले ते आज तुम्हाला सांगते, कारण हा प्रश्न उद्या तुमच्या वस्तीवरही येणार आहे.

मुलाचा हिशेब असा होता. पाणी १०० अंशाला उकळते. दारूतले इथेनॉल साधारण ७८ अंशाला उकळते. आणि डोळे व जीव घेणारे मिथेनॉल साधारण ६५ अंशाला. म्हणजे सेन्सरवर ६५ दिसेल तेव्हा येणारे फेकून द्यायचे, की झाले!

मोठ्या कारखान्यात सेन्सर असतात, हे खरे आहे. आपल्या जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत आपली पोरे कामाला आहेत. भट्टीचे तापमान आकड्यांत कसे दिसते ते त्यांना विचारा. मद्याच्या कारखान्यातही उंच मनोऱ्यावर वेगवेगळ्या उंचीला असे सेन्सर बसवतात. त्यातला एक नेहमीचा प्रकार म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओहम असतो, १०० अंशाला तो १३८.५ ओहम होतो, आणि त्यावरून यंत्राला तापमान कळते. शिवाय किती लिटर वाहिले ते मोजणारे मीटर असतात, घनता मोजणारी यंत्रे असतात आणि शेवटी प्रयोगशाळेत नमुना तपासतात.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. सेन्सर असूनही नमुना तपासावा लागतो. का? कारण पाणी, इथेनॉल आणि मिथेनॉल एका हंड्यात आले की आपापल्या अंशाची वाट बघत बसत नाहीत. ते एकत्र उकळतात आणि वाफेत तिन्ही मिसळून जातात. तापमानाचा सेन्सर किती गरम आहे ते सांगतो; आत काय आहे ते सांगत नाही. वास, चव किंवा काडी लावून ज्योतीचा रंग पाहणे, यांवरही भरवसा ठेवता येत नाही.

आणि याहून मोठी गोष्ट पुढे आहे. गुळाच्या रसायनात आपोआप तयार होणारे मिथेनॉल फार थोडे असते. माणसे घाऊक मरतात ती बाहेरून ओतलेल्या मिथेनॉलमुळे. कारखान्यांत रंग, रसायने यांसाठी वापरले जाणारे हे द्रव्य चोरून विकले जाते, स्वस्त पडते आणि नशा देते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलनेच. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद आणि आसपासच्या गावांत चाळीसहून अधिक माणसे गेली. तिथे तर मिथेनॉलमध्ये पाणी मिसळून तेच दारू म्हणून विकले गेले होते. भट्टीच नव्हती. मग सेन्सर लावणार कशाला?

म्हणून मी त्या मुलाला सांगितले, "बाळा, तुझी नळी खोटी नाही. पण ती ज्याची राखण करते, तिथून चोर येतच नाही."

आता कार्यकर्ता म्हणून आपण काय लक्षात ठेवायचे? मिथेनॉल पोटात गेल्यावर माणूस आधी नेहमीसारखाच झिंगतो. मग बरा दिसतो. बारा ते चोवीस तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, पोटात दुखते, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके येते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसेवर जाते. शुद्ध मिथेनॉलचे दोन-तीन चमचेही दृष्टी घालवू शकतात. पण वेळेत रुग्णालयात पोहोचले तर उतारा आहे, डायलिसिस आहे. जीवही वाचतो आणि डोळेही वाचू शकतात.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर एक माणूस सकाळी म्हणाला, "अंधुक दिसतंय." घरच्यांनी त्याला दिवसभर आत निजवून ठेवले. पोलीस येतील ही भीती. मला दुपारी कळले होते. मीही 'उतरेल संध्याकाळपर्यंत' असे म्हटले. रात्री नेले. माणूस वाचला. आज तो बायकोचा हात धरून चालतो. ते दोघे समोर आले की मला माझे ते वाक्य ऐकू येते.

तेव्हा तीन गोष्टी प्रत्येक वस्तीवर सांगा. दारू प्यायल्यानंतर धूसर दिसणे म्हणजे उतरलेली नशा नव्हे. लगेच १०८ ला फोन करा. घरगुती उपाय करत बसू नका, उतारा म्हणून आणखी दारू पाजू नका. कुठला उतारा किती द्यायचा ते रुग्णालयच ठरवते. आणि त्याच्याबरोबर प्यायलेल्या सगळ्यांना, बरे दिसत असले तरी, दवाखान्यात न्या. पोलिसांची नोंद होणारच नाही, असे खोटे आश्वासन देऊ नका. एवढेच सांगा की नोंदीतून माणूस बाहेर येतो, मातीतून येत नाही.

आता त्या आईकडे वळते. विनापरवाना दारू गाळणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे आणि मी त्याचे समर्थन करत नाही. पण थोडा इतिहास बघू. ब्रिटिश सरकारने १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर कायद्याने निर्बंध घातले. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या निर्बंधांमागे आदिवासींच्या आरोग्यापेक्षा महसुलाची काळजी जास्त होती. आणि १९२२ मध्ये काय झाले? पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ डांग आणि दक्षिण गुजरातेत पोहोचली, आणि हजारो आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली. वरून आलेल्या हुकुमाने जे साधले नाही, ते माणसांनी एकत्र बसून, आपल्या तोंडाने ठरवल्यावर साधले.

आपण मडकी फोडून पाहिली आहेत. आठवड्याने नवी मडकी आली. मडके फोडणाऱ्याने त्या घरची चूल कशावर पेटणार, हा प्रश्न विचारला नव्हता.

या वेळी आम्ही तो विचारला. जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, २०१८ पासून. रेशीम अळ्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान लागते आणि हवेत ओलावा लागतो. आपला उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. वस्तीजवळच्या एका शेतकऱ्याच्या तुतीच्या शेडमध्ये त्या आईला पाला कापायचे, अळ्यांना घालायचे काम मिळाले. मुलाने आपली ती नळी तिथे टांगली. आकडा २८ च्या पुढे गेला की आई गोणपाट भिजवते. इथे मात्र तापमान हेच खरे दुखणे आहे, आणि नळी तेच सांगते.

साक्ष म्हणून गोड शेवट सांगायचा मोह होतो, पण खरे सांगते. भट्टी पूर्ण बंद झालेली नाही. शेडचे काम बारा महिने नसते. मजुरी थांबली की मागच्या अंगणात धूर दिसतो. बचत गटातून दोन शेळ्यांसाठी कर्ज द्यायचे की नाही, हा विषय आजच्या बैठकीत पुढे येईल. तेव्हा कुणी म्हणेल, "दारू गाळणारीला कर्ज?" त्या वेळी त्या मुलाचा प्रश्न आठवा. आपल्या आईच्या हातून कुणी मरू नये, एवढेच त्याला हवे होते. आपल्यालाही तेच हवे आहे. मग हात वर करताना कचरू नका.