वाडवडिलांची बंदूक किती जुनी?

हडपसरच्या एखाद्या जुन्या घरांत वारशानें आलेली दुनळी निघाली, कीं ती २५ ऑक्टोबर १८०२ च्या लढाईंतली ठरावयास वेळ लागत नाहीं. त्या दिवशीं याच परिसरांत यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. तेव्हां हा मोह स्वाभाविकच. परंतु श्रोतेहो, बंदूक आपलें वय स्वतःच सांगते. घोड्याच्या जबड्यांत गारगोटी बसत असेल, तर घरची कथा निदान विचारांत घ्यावी. घोडा तांब्याच्या टोपीवर आपटणारा असेल, तर मात्र ती डळमळते. कारण आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट फोर्साइथनें १८०७ मध्यें घेतलें, आणि टोपी त्याहूनहि मागाहूनची. तरी घाई नको. गारगोटीच्या कित्येक बंदुका पुढें टोपीच्या करून घेतल्या गेल्या, त्यामुळें नळी घोड्याहून जुनी असूं शकते. नळीच्या खालच्या अंगावरील छाप पाहावे. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ चें. त्याचा छाप त्यापूर्वींचा असणें शक्य नाहीं. ‘नॉट फॉर बॉल’ हीं अक्षरें आढळलीं, तर परीक्षा १८७५ ते १८८७ मधली. म्हणजे लढाईस तेव्हां सत्तर वर्षें उलटून गेलीं होतीं! परवान्याचें म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र-कायद्यांतील सूट दुरुस्तीनेंहि न चालणाऱ्या जुन्या शस्त्रास आहे, केवळ जुनेपणास नाहीं.