नुमाइशीची रात्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या मंडळात आजवर मी पापडाच्या पिठाचे प्रमाण सोडून दुसऱ्या कशावरही बोललेली नाही. म्हणून चिटणीसबाई जेव्हा ‘हैदराबादच्या आठवणी सांगा’ असे म्हणाल्या तेव्हा मला आधी हसू आले आणि मग घाम फुटला. ज्या गावात एकतीस वर्षे काढली त्याच्या आठवणी पंधरा मिनिटांत कशा सांगावयाच्या? तेव्हा मी एकच रात्र निवडली आहे. ती १९७४ च्या जानेवारीतली.

आपणा परभणीकरांना हैदराबाद काही परके नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. कोर्टाचे काम असो, मोठे दुखणे असो की मुलाचे कॉलेज असो, माणसे रात्रीच्या गाडीत बसत आणि सकाळी काचीगुड्याला उतरत. वसमतजवळच्या पुरजळचे केशवराव कोरटकर असेच तिकडे गेले, वकील झाले, न्यायमूर्ती झाले. १९०७ साली तिथे विवेकवर्धिनी ही मराठी शाळा निघाली, तिच्यात वामनराव नाईकांबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. पुरजळ तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते हिंगोलीत मोडते. सांगावयाचे एवढेच की, मी १९७१ साली लग्न होऊन चप्पल बाजारातल्या वाड्यात राहावयास गेले तेव्हा शेजारच्या चार बिऱ्हाडांत मराठीच ऐकू येत असे. तेलुगू आणि तिकडची दखनी मी नळावर शिकले.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मात्र हैदराबादेस यावयास कधी तयार नसत. त्यांचे गाव जिंतुराकडचे. १९७२ चा दुष्काळ पडला, विहीर आटली, जनावरे विकावी लागली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात ह्यांनी जवळजवळ ओढूनच त्यांना आणले. पुढे पाऊस झाला, पण माझे बाळंतपण आले म्हणून त्या राहिल्या. दिवसभर घरात त्यांचा वचक असे. पण एकदा दिवे लागले की त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नसत. समोरच्या घरी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची गाणी चालली तरी दाराची कडी लावून आत बसत. मला वाटे, विधवा बाई, जुने वळण, दुसरे काय? विचारले मात्र मी कधी नाही. ही माझी चूक.

आता नुमाइशीविषयी. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली बागे-आममध्ये हे प्रदर्शन प्रथम भरविले. आपल्या मुलखात तयार होणारा माल लोकांना दिसावा हा मूळ हेतू. १९४६ साली ते नामपल्लीच्या मैदानावर आले. १ जानेवारीला सुरू होते आणि १५ फेब्रुवारीपर्यंत चालते. काश्मीरच्या शाली, लखनौचे चिकनकाम, हैदराबादच्या बांगड्या, लोणची, अत्तरे, आकाशपाळणा. आणि धूळ अशी की घरी येऊन नाक धुतल्याशिवाय झोप लागू नये! एक गोष्ट मला फार आवडे. या जत्रेच्या उत्पन्नातून तिथल्या सोसायटीने शाळा-कॉलेजे चालविली. मुलींचे सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय त्यांतलेच. आपण तिथे बांगड्या घ्याव्या आणि त्यातला एखादा आणा कोणा मुलीच्या शिक्षणाला लागावा, हे मला देवळातल्या पेटीत पैसे टाकण्याइतकेच चांगले वाटे.

तर त्या जानेवारीत वाड्यातल्या आम्ही चौघींनी ठरविले की, यंदा पुरुषमाणसांशिवाय नुमाइश पाहावयाची. त्यांच्याबरोबर गेले म्हणजे ते दर दहा पावलांना घड्याळ पाहतात. मुले त्यांच्याच स्वाधीन करावयाची, संध्याकाळी निघावयाचे आणि रात्री परतावयाचे. आत्याबाईंना हे कळले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चार तरण्या बाया रातच्याला एकल्या जाणार? मी येते संगं.”

राखणीला म्हणून त्या निघाल्या. वाटभर बसमध्ये माझे मनगट त्यांनी असे धरले होते की काकणे रुतली.

मैदानात गर्दी फार होती. एका दुकानी आम्ही जावळाच्या टोपीचा भाव करीत होतो. दुकानदार खाली येईना, आम्ही वर जाईना. टोपी अखेर घेतली नाही. आणि वळून पाहते तो आत्याबाई नाहीत! माझ्या पायांतले बळच गेले. डाव्या बाजूला गेलो, उजव्या बाजूला गेलो, ‘आत्याबाई, आत्याबाई’ म्हणून ओरडलो. कर्ण्यावर गाणी चालली होती, त्यापुढे आमचा आवाज तो काय!

मग कोणी तरी सांगितले, हरवलेल्यांची नावे पुकारतात तिथे जा. तिथे एक वयस्क गृहस्थ बसले होते. “अम्मा का नाम बोलो बेटी,” ते म्हणाले. मी गप्प. सासूचे नाव घ्यावयाचे नाही अशा घरात मी वाढले. तेही असो, वेळ पडली तर घेतले असते. परंतु कोणते सांगू? माहेरचे निराळे, सासरचे निराळे, आणि पंचवीस-तीस वर्षांत त्यांना दोन्ही नावांनी कोणी हाक मारलेली नव्हती. ते नाव कर्ण्यातून आले तरी त्या मान वळवतील की नाही, कोण जाणे. मी त्यांना हे जसे जमले तसे सांगितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि माइकच माझ्यासमोर ठेवला. “तुमीच बुलाव.”

मी जन्मात माइकवर बोलले नव्हते. आज बोलते आहे ती दुसरी वेळ. “आत्याबाई, मी बोलतेय. इथं हापिसापाशी या. आम्ही सगळ्या इथं आहोत.” माझाच आवाज सगळ्या मैदानावरून फिरून माझ्या कानावर आला.

थोड्या वेळाने एक म्हातारी आली, मूळची नांदेडची. मागून दुसरी आली, गुलबर्ग्याकडची. दोघींनाही वाटले की आपलीच सून हाक मारते आहे. नांदेडच्या बाई तर खुशीतच होत्या. म्हणाल्या, “मी म्हटलं, आज कधी नव्हे ती सुनंला आठवण झाली!” आम्हाला रडावे की हसावे कळेना. आमच्या आत्याबाईंचा मात्र पत्ता नाही.

अर्ध्या तासाने त्या आल्या, आपल्या पायांनी, शांतपणे. पदर सारखा केलेला, हातात शेंगदाण्याची पुडी. मी रडतच विचारले, “कुठं होतात? ऐकू आलं नाही का?”

“आलं की. पण मी वर व्हते.”

“वर कुठं?”

त्यांनी आकाशपाळण्याकडे बोट केले.

झाले होते असे. पाळण्यापाशी एक तेलुगू बाई कडेवर तान्हे घेऊन उभी होती. तिच्या दोन मुलांना पाळण्यात बसावयाचे होते आणि मोठे माणूस बरोबर असल्याखेरीज पाळणावाला बसवीत नव्हता. मुले रडत होती. आत्याबाईंना तेलुगूचा शब्द येत नसे, त्या बाईला मराठीचा. पण रडणे दोघींनाही कळत होते. आत्याबाई जाऊन मुलांच्या मध्ये बसल्या. माझी हाक आली तेव्हा त्या अगदी टोकाला होत्या. “तू बोलावू लालीस अन् मी हुबी लटकलेली. उतरू कशी? अन् लेकरं धरली व्हती दोन्ही हातांनी.”

या सगळ्यात शेवटची बस गेली. आम्ही पाचजणी चालत निघालो. मोजमजाही मार्केट, कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी, असे तीन-साडेतीन मैल तरी चाललो असू, निदान मला तेवढे वाटले. मार्केटापाशी भाजीच्या बैलगाड्या येत होत्या. एक गाडी घुंगरांचा आवाज करीत अगदी जवळून गेली आणि आत्याबाई थांबल्या.

“आमच्या बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या व्हत्या,” त्या म्हणाल्या.

मग चालता चालता त्यांनी सांगितले. १९४८ चा उन्हाळा, रझाकारांचे दिवस. बाजूच्या गावात जाळपोळ झाली, आणि गावातली पाच-सहा घरे रात्रीच गाड्या जुंपून निजामाची हद्द ओलांडावयास वऱ्हाडाकडे निघाली. दिवा नाही, बोलणे नाही. हे तेव्हा दोन वर्षांचे होते. वाटेत दूरवर घोड्यांच्या टापा ऐकू आल्या आणि नेमके त्याच वेळी हे रडू लागले. आत्याबाईंनी तोंडावर हात दाबला. टापा लांब जाईपर्यंत दाबून ठेवला. “हात काढला तर लेकरू गप. हालंना. मला वाटलं, मीच मारलं.” पुष्कळ वेळाने मुलाने श्वास घेतला. पंचवीस वर्षे रात्र पडली की त्यांना तो हात आठवत होता. “आज दोन लेकरं धरली,” त्या म्हणाल्या, “वरतून सारं शहर दिवेच दिवे दिसू लालं. लेकरं वरडत व्हती. मी वरडू दिली.”

आम्ही कोणी काही बोललो नाही. घरी पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. हे खांद्यावर मुलाला घेऊन दारात उभे, रागाने लाल. माझ्यावर तोंड सोडणार तेवढ्यात पुडी घेतलेली आई पुढे आली, आणि ह्यांचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. गाडीतली ती गोष्ट मी ह्यांना तेव्हा सांगितली नाही. आत्याबाई १९९१ साली गेल्या, त्यानंतर सांगितली. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्या रात्रीने आत्याबाई बदलल्या असे म्हणणार नाही. गावी परतल्यावर दिवेलागणीला त्यांची कडी पूर्वीसारखीच लागे. पण दर जानेवारीत पंधरा दिवसांसाठी त्या हैदराबादेस येत आणि आल्याबरोबर विचारीत, “पाळणा लागला का?”

आता चिटणीसबाईंनी सांगितलेले काम. आपल्या परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीपासून भरतो. यंदा मंडळातर्फे रात्री एकत्र जावयाचे ठरत आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी बाहेर ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. ‘अमक्याची आई’, ‘तमक्या वहिनी’ असे लिहू नये. कोणी हरवले तर कर्ण्यावरून पुकारावयास माझ्याजवळ नाव पाहिजे. आणि पाळण्यात बसणार असाल तर आधी सांगून बसा.