फुकटचा नॉब



जिमी हेंड्रिक्सचा आवाज आपल्या गिटारमधून कसा काढायचा, यावर बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. ‘बँड ऑफ जिप्सीज’ या रेकॉर्डवरचं नुसतं ‘मशीन गन’ त्याहून मोठं आहे. तेव्हा प्रस्तावना नको. हेंड्रिक्स कोण, फझ म्हणजे काय, वाह कसा वाजतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरातल्या एखाद्या कॉलेजकुमाराला विचारावं. तो तासभर सांगेल, आणि उठताना नव्या पेडलसाठी पैसे मागेल.

त्या पैशांसाठीच मी आज बोलतोय. माझ्याकडे शिकायला मुलं येतात, काही जण पेडल दुरुस्तीला आणतात. पेडलबोर्ड उघडला की डोळे दिपतात. फझ फेस असतो, वाह असतो, युनि-व्हाइबची नक्कल असते, ऑक्टेव्हियाची नक्कल असते, आणि या सगळ्यांच्या आधी एक चकचकीत ट्यूनर असतो. मग तक्रार सुरू होते. ‘सर, सगळं घेतलं, पण तो आवाज काही येत नाही. नुसता गोंगाट होतो.’ मी एकच विचारतो, गिटारवरचा व्हॉल्यूम कितीवर आहे? मुलगा माझ्याकडे बघत राहतो. दहावर, सर. आणखी कितीवर असणार?

अरे बाबांनो, तिथेच तर सगळं आहे!

गिटारवर जो व्हॉल्यूमचा नॉब आहे, तो गिटारबरोबर फुकट आलेला आहे. त्याच्यासाठी वेगळं पाकीट फोडावं लागलं नाही, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. हेंड्रिक्सच्या आवाजातला फार मोठा भाग त्या नॉबमध्ये आहे. हे वाक्य मी पुढे पुन्हा म्हणणार आहे. कारण आत्ता कोणीतरी चहा घ्यायला उठलं असणार.

फझ फेस हे पेडल लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६ साली काढलं. गोल डबी, तिचा आकार मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून घेतलेला. आत दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग. वर दोन नॉब. इतकं साधं सर्किट आहे, की त्याच्या तोंडाशी रोध फार कमी पडतो. त्यामुळे गिटारचं पिकअप त्या सर्किटला नुसता सिग्नल पाठवून मोकळं होत नाही, ते त्या सर्किटचाच एक भाग होऊन बसतं. आता गिटारवरचा नॉब दहावरून सातावर आणा. सिग्नल कमी होतो, हे उघड आहे. पण त्याबरोबर पिकअप आणि फझ यांच्यामध्ये रोध वाढतो आणि फझची पकड ढिली होते. पेडलवरचा फझ पूर्ण उघडा असूनही आवाज स्वच्छ, किणकिणता होतो, त्याला एक चकाकी येते. नुसत्या अँपमधून ती चकाकी येत नाही. पुन्हा दहावर न्या, की डरकाळी. पायानं काहीही दाबलेलं नाही. करंगळीनं एक नॉब फिरवला, बस्स.

घरातली फोडणी आठवा. तेल तापायचं, मग मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, शेवटी हळद. हळद आधी टाकली तर ती करपते आणि आमटी कडू होते. पेडलचा क्रम असाच असतो. फझला तापलेलं तेल लागतं, म्हणजे थेट पिकअप. युनि-व्हाइबसारख्या गोष्टी नंतर. हे तुम्हाला दुकानदारही सांगेल. पण फोडणी करणाऱ्या बाईचा डावा हात कुठे असतो, ते कधी पाहिलंत? गॅसच्या बटणावर. मोहरी तडतडेपर्यंत मोठा, हिंगाला बारीक, आणि हळद टाकताना जवळजवळ बंद. मसाल्याचा डबा तुम्ही शेजारणीसारखाच आणलात, वाट्याही सात भरल्यात, पण गॅस पूर्ण मोठा करून दूर उभे राहिलात, तर काय शिजणार? तुमच्या पेडलबोर्डाचं तेच झालंय. मसाले लंडनचे आहेत आणि गॅस सतत मोठा. फोडणी करपली की तुम्ही बाजारात जाऊन आणखी एक मसाला आणता!

असो. ‘मशीन गन’ ऐका. १ जानेवारी १९७०, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट, बासवर बिली कॉक्स, ड्रम्सवर बडी माइल्स. सुरुवातीची गिटार कशी दबक्या आवाजात, हेलकावत येते. तो हेलकावा युनि-व्हाइबचा. पुढे ती लांबलचक किंकाळी येते, तीही त्याच माणसाची, त्याच गिटारवरची, तेच अँप लावलेले. दर वेळी तो खाली वाकून नवं पेडल शोधत नव्हता. त्या रात्री वाह, फझ फेस, ऑक्टेव्हिया आणि युनि-व्हाइब एवढंच जमिनीवर होतं. तुमच्यातल्या काहींच्या बोर्डावर याच्या तिप्पट असतं.

आणखी एक गंमत. हेंड्रिक्स डावरा, पण स्ट्रॅट उजव्या हाताची घ्यायचा आणि उलटी धरून तारा डावखुऱ्या पद्धतीनं लावायचा. गिटार उलटी झाली की नॉब खालचे वर येतात. म्हणजे व्हॉल्यूम तारांच्या वरच्या बाजूला, हाताशी. ब्रिजचं तिरकं पिकअपही उलटं होतं, जाड तारा ब्रिजजवळ आणि बारीक तारा लांब, त्यानं आवाजात जो फरक पडतो तो... नाही, तो विषय निघाला तर वेळ संपेल. एवढंच सांगतो, की गिटार उलटी धरायचा खटाटोप करू नका. तुमच्याकडे नॉब आहे तिथेच आहे, करंगळी तिथवर पोचते.

आता ट्यूनरबद्दल. याचा मला खरंच राग येतो. आजकालच्या बऱ्याच ट्यूनरमध्ये आणि बऱ्याच पेडलमध्ये बफर असतो. लांब केबलमुळे आवाज मंद होऊ नये म्हणून तो घातलेला, आणि त्या कामाला तो चांगला आहे. पण फझ फेसच्या आधी बफर आला, की पिकअप आणि फझ यांचं थेट नातं तुटलं. आवाज चिरका होतो, आणि तुम्ही गिटारचा नॉब कितीही फिरवा, फझ हवा तसा स्वच्छ होत नाही. वायरलेस लावलात तरी तेच. म्हणून गिटार, मग फझ, आणि ट्यूनर त्याच्या नंतर कुठेही. वाह हेंड्रिक्स फझच्या आधी लावायचा, ते खरं. त्याच्या काळच्या व्हॉक्स वाहमध्ये बफर नव्हता. तुमच्या नव्या वाहमध्ये आहे का, ते बघून घ्या. वाह आणि जर्मेनियमचा फझ एकत्र आले की कधीकधी आपोआप शीळ वाजू लागते. पेडल बिघडलं म्हणून माझ्याकडे धावत येऊ नका, त्या दोघांचं जुनं भांडण आहे.

जर्मेनियम म्हटलं म्हणून सांगतो. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, पुढे सिलिकॉनचे आले. हेंड्रिक्सनं दोन्ही वाजवले. सिलिकॉनचा फझ जास्त धारदार, जास्त जोराचा, पण नॉब खाली घेतल्यावर तेवढा मवाळ होत नाही. जर्मेनियमचा होतो, मात्र त्याला उष्णता सोसत नाही. नागपुरात मे महिन्यात मांडवाखाली तो लावलात तर संध्याकाळच्या रियाजाचा आवाज दुपारी मिळणार नाही. शिवाय त्या काळी एकसारखी दोन पेडल निघत नसत. भागांमध्येच इतका फरक असे, की बरीचशी वाजवून त्यातून एखादं चांगलं निवडावं लागे. तेव्हा तुमच्या मित्राच्या फझ फेसपेक्षा तुमचा वेगळा वाजतो, म्हणून लगेच विकायला काढू नका.

ज्यांना हातानं पेडल जोडायची हौस आहे, त्यांनी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारावी. एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर अशा पेडलमध्ये चालतो, आणि एके काळी तो ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात सर्रास असे. म्हणून आजोबांचा रेडिओ फोडू नका! नाहीतर लोक म्हणतील, आकाशवाणीवरूनच शिकवलं. ट्रान्झिस्टर मिळाला तरी त्याचा गेन आणि गळती मोजून घ्यायची. जुन्या जर्मेनियमचा पॉझिटिव्ह ग्राउंडचा फझ बाकीच्या पेडलबरोबर एकाच अडॅप्टरला जोडायचा नाही, शॉर्ट होईल. त्याला स्वतःची नऊ व्होल्टची बॅटरी द्या.

रेडिओवरून आठवलं. युनि-व्हाइब जपानच्या शिन-एई कंपनीचा, फुमिओ मिएदा यांनी रचलेला. आत एक छोटा दिवा लुकलुकतो, त्याच्या भोवती प्रकाश ओळखणारे चार भाग, आणि त्यातून आवाज हेलकावतो. मिएदा यांनी सांगितलं आहे, की ही कल्पना त्यांना मॉस्कोहून येणारं रेडिओप्रसारण ऐकताना सुचली. ते आवाज वातावरणातून येताना लहरत, विरत. शॉर्टवेव्हवर रात्री लांबचं स्टेशन लावलेल्या जुन्या श्रोत्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. वुडस्टॉकला १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी हेंड्रिक्सच्या पायाशी हाच युनि-व्हाइब होता. आणि हाताशी काय होतं? बरोबर. नॉब.

चहा घेऊन आलेल्यांसाठी पुन्हा सांगतो. गिटारवरचा व्हॉल्यूम दहावर ठेवून विसरू नका. फझ उघडा ठेवा, कॉर्ड वाजवताना गिटार सहा-सातावर, सोलोला दहावर. एक आठवडा पेडलला पाय न लावता, फक्त त्या नॉबवर वाजवा. मग मला भेटा.

अँपचं काय, हा प्रश्न येणारच. त्याचे मार्शल शंभर वॅटचे होते, आणि त्यांना मास्टर व्हॉल्यूम नव्हता. आवाज फुटायला हवा असेल तर तो मोठाच करावा लागे. दादरच्या दोन खोल्यांत ते जमणार नाही, सोसायटीची सभा बसेल. छोटा, थोड्या वॅटचा व्हॉल्वचा अँप घ्या आणि तो ब्रेकअपच्या उंबरठ्यावर आणून ठेवा. अगदी स्वच्छ ठेवलेल्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये फझ फेस किरकिरा आणि पातळ वाजतो. निम्म्या तक्रारी तिथल्या असतात. उरलेल्या निम्म्या कुठल्या, ते आता सांगायला नको. आणि ज्यांच्याकडे मल्टिइफेक्टची डिजिटल पेटी आहे, त्यांनी तिच्यातला फझ निवडून गिटारचा नॉब खाली घेऊन बघावा. काही पेट्या पिकअपशी तसं वागायची नक्कल करतात, बऱ्याच करत नाहीत. नुसता आवाज लहान होतो, स्वच्छ होत नाही. पेटी घेण्याआधी दुकानात हीच परीक्षा घ्या. दुकानदार प्रीसेटचं नाव दाखवेल, तुम्ही नॉब फिरवा.

हेंड्रिक्स गुंडाळीची लांब केबल वापरायचा, तिच्यामुळे वरचा तीक्ष्णपणा थोडा गळून जायचा. तुमची केबल छोटी आणि महाग असेल तर फझ जास्त टोचेल. तेव्हा टोनचा नॉबही... हो, तोही फुकटच आलाय. तारा पुष्कळदा अर्ध्या स्वरानं उतरवलेल्या असत, त्यामुळे त्या सैल पडत आणि ओढायला सोप्या जात. हे ऐकून कोणी पीचचं पेडल विकत घेऊ नये. खुंट्या पिळा.

ऑक्टेव्हियावर मला बरंच बोलायचं होतं. रॉजर मेयर हा ब्रिटिश नौदलाच्या प्रयोगशाळेत ध्वनी आणि कंपनांवर काम करणारा माणूस, त्यानं ते पेडल बनवलं आणि १९६७ च्या ‘पर्पल हेझ’च्या सोलोत ते वाजलं. ते नेक पिकअपवर आणि बाराव्या फ्रेटच्या वर जास्त बोलतं, आणि तिथेसुद्धा गिटारचा व्हॉल्यूम जरासा...

काचेपलीकडून खूण झाली आहे. एक मिनिट, एवढं सांगू द्या. वाजवून झाल्यावर फझच्या इनपुटमधली केबल काढून ठेवा. जॅक आत राहिला तर पेडल पायानं बंद केलेलं असलं तरी बॅटरी उतरत राहते, आणि सकाळी तुम्ही म्हणाल, पेडल गेलं. पेडल गेलेलं नसतं.