उपकरणांची शुद्धी
(ज्ञातिमंडळाच्या खोडाळा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या वैद्यकीय निधीतून सोनोग्राफीचे यंत्र घेऊन द्यावे, अशी सूचना आली आहे. खोडाळ्याहून तपासणीसाठी जव्हार वा नाशिक गाठणाऱ्या गरोदर भगिनींचे हाल पाहता ती कळकळीची आहे. (ह्या यंत्राच्या जागेला 1994 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, शिबिराच्या मांडवात ते सहज मांडता येत नाही, हे जाता जाता सांगतो.) मला बोलावयाचे आहे ते यंत्र आल्यानंतरच्या एका खर्चाविषयी.

पूर्वी दवाखान्यात काचेची पिचकारी व सुया उकळीत असत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरविला जाणारा भाग, उकळता येत नाही. उष्णतेने तो बिघडतो. म्हणून तो पुसतात, आणि पुसला म्हणजे शुद्ध झाला असे मानतात. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एकाच टॉवेलने सकाळपासून दुपारपर्यंत प्रोब पुसला आहे. कोणी हटकले नाही.

अशा हयगयीचे मोल केवढे असते? मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत डॉ. हाफकिन प्लेगची लस तयार करीत. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता, केवळ कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून पुन्हा वापरला, असा पुरावा पुढे आला. दोष आला तो मात्र हाफकिन यांच्यावर, आणि तो दूर होण्यास 1907 साल उजाडले.

प्रोबवरील जेल आधी पूर्ण काढले पाहिजे. त्याच्या थराखाली औषध पोहोचत नाही. मग यंत्र बनविणाऱ्याने मान्य केलेल्या जंतुनाशकाने तो पुसावा, कारण स्पिरिट सर्वच प्रोबना मानवत नाही. जेलची बाटलीही पुन्हा पुन्हा भरून वापरू नये. दूषित जेलमुळे रुग्णालयांत संसर्ग पसरल्याची उदाहरणे आहेत.

शरीराच्या आत जाणाऱ्या प्रोबची गोष्ट निराळी. त्यावर आवरण चढवितात. परंतु आवरणाला न दिसणारे छिद्र पडू शकते. म्हणून आवरण असले तरी प्रत्येक रुग्णानंतर कडक निर्जंतुकीकरण हवेच. 2 टक्के ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात ठेवावयाचा तर सुमारे 20 मिनिटे जातात, आणि नंतर तो स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा लागतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या ह्या मोखाडा तालुक्यात ते भरपूर पाणी कोठून आणावे? बाहेर रांग लागली की ही 20 मिनिटे कोणाला परवडतात? एकच प्रोब असेल तर घाई होणारच.

यंत्राच्या किमतीबरोबर दुसरा प्रोब, वर्षभराचे जंतुनाशक, पाण्याची टाकी आणि परिचारिकेचे शिक्षण, एवढे ठरावात घालावे. आणि सुनेबरोबर तपासणीस जाणाऱ्या आयाबहिणींनी, "डॉक्टर, हा प्रोब मघाच्या बाईनंतर स्वच्छ केला ना?" असे निःसंकोच विचारावे. मला कोणी तसे विचारले असते तर तो टॉवेल त्याच दिवशी सुटला असता.

ठराव सायंकाळच्या बैठकीत यावयाचा आहे. तेथे ह्याचा विचार व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.