जलजाळीतील जीव

श्रोतेहो, आपल्या भूम भागातला खवा सर्वांच्या परिचयाचा आहे. आज मात्र मी दुधाच्या दह्याविषयी बोलणार आहे. घट्ट दह्यातून चमचाभर दही काढा. थोड्या वेळाने त्या खळग्यात निवळ पाणी साचते. हे पाणी आले कोठून? ते दह्यातच होते. विरजणातील जंतूंनी दूध आंबवले, तेव्हा दुधातील प्रथिनांचे कण एकमेकांना चिकटले आणि त्यांची बारीक जाळी झाली. त्या जाळीने पाणी धरून ठेवले आणि जंतूही तिच्या पोकळ्यांत जिवंत राहिले. म्हणून तर उद्याच्या विरजणाला आजचे दही चालते!

पुष्कळ पाणी धरणाऱ्या अशा मऊ जाळीला शास्त्रज्ञ हायड्रोजेल म्हणतात. आपण जलजाळी म्हणू. आपल्या शरीरातील पेशीही अशा जाळीत ठेवता येतात. सारे इंगित आहे ते छिद्रांच्या मापात. धान्य चाळताना आपण चाळणी पाहून घेतो, तसेच हे.

फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी 1980 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इन्शुलिन तयार करणारे पेशींचे पुंजके त्यांनी समुद्रशेवाळापासून काढलेल्या द्रव्याच्या मण्यांत कोंडले आणि वर पातळ पडदा चढवला. साखर व प्राणवायू आत जावेत, इन्शुलिन बाहेर यावे, पण शरीराच्या रक्षक पेशींना आत शिरता येऊ नये, अशी ती चाळणी होती. मधुमेह झालेल्या उंदरांची साखर ताळ्यावर आली, पण दोन ते तीन आठवडेच. अशा परक्या मण्यांभोवती शरीर पुष्कळदा तंतूंचे कवच चढवते. मग आतल्या पेशींचा श्वास कोंडतो. राखण हवी, पण वाट बंद होता कामा नये, हीच यातली अडचण.

कधी याच्या उलट हवे असते. जखमेच्या जागी पेशींनी जाळीत शिरावे, तेथे वस्ती करावी, असे वाटते. मग वाटा रुंद ठेवाव्या लागतात. त्यासाठी एक युक्ती म्हणजे बर्फ. पाणी गोठताना त्यातील कण बाजूला ढकलले जातात. ते तेथेच एकमेकांना जोडून टाकायचे. बर्फ वितळला की त्याच्या जागी पोकळ वाटा उरतात. बर्फ ज्या दिशेने वाढतो, त्या दिशेने वाटाही नेता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली या रीतीने केलेल्या मऊ सच्छिद्र पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली. तो पुष्कळ दाबला तरी पुन्हा मूळ आकारावर येतो.

मंडळी, एवढे ऐकून कोणी मधुमेह्याने आपले इन्शुलिन सोडू नये. उंदराला गुण आला म्हणजे माणसाचे औषध सिद्ध झाले, असे होत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागू लागला, तर आधी डॉक्टरांना विचारा.

गुरुजींना एक विनंती. वर्गात थोडे दही फडक्यात बांधून टांगा. खाली काय गळाले, वर काय राहिले आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. चक्क्याबरोबर विज्ञानही पदरात पडेल!