दादा आळशी नव्हता

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजचा विषय घरचा आहे, आणि दादाला विचारूनच बोलतोय. माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे.

गोळ्या सुरू झाल्या, कानातले आवाज थांबले. आम्हाला वाटलं, सुटलो! पण मीठ, साबण, माचिस आणायला पाठवलं, की तो नुसतं मीठ घेऊन यायचा. मी सुट्टीत गेलो की ओरडायचो, "आळस सोड ना दादा!" तो गप्प बसायचा.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. या आजारात भास आणि संशय तर असतातच, पण लक्ष टिकवणं, लक्षात ठेवणं, कामाचा क्रम लावणं हेही अवघड होतं. गोळ्यांचा मुख्य उपयोग भास-संशयावर होतो; या अडचणींवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणजे ज्याला मी आळस म्हणत होतो, तो आजारच होता. हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली.

मग काय, इंजिनिअर डोकं! मी आकडे लक्षात ठेवायचा एक गेम बनवला. महिनाभरात दादाचा स्कोअर मस्त वाढला. दुकानातून मात्र मीठच यायचं.

चूक माझीच होती. गेममध्ये तरबेज होणं आणि बाजार करता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ मध्ये टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी ४० अभ्यास एकत्र तपासले. बौद्धिक सरावाचा फायदा दिसला, पण मध्यम. रोजच्या जगण्यात फरक जास्त पडला तो कुठे? जिथे सरावासोबत पुनर्वसन होतं आणि युक्त्या शिकवल्या होत्या, तिथे.

आपल्याकडेही हे झालंय. बंगळुरूच्या निम्हान्सच्या संशोधकांनी २०१२ मध्ये घरीच करायच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या अशा सरावांत अक्षरं खोडणं, मिसळलेलं धान्य वेगळं करणं अशी साधी कामं असतात. धान्य निवडणं! आमच्या धानाच्या गावात त्याला ॲप कशाला लागतं?

आता डॉक्टरांना विचारून आम्ही असं करतो: आई रोज थोडा वेळ दादासोबत धान्य निवडायला बसते. तो थकला की थांबायचं. दुकानात जाताना यादी त्याने स्वतः लिहायची, मोठ्याने वाचायची, वस्तू घेतली की खूण करायची. गोळ्या चालूच आहेत, त्या बंद करायच्या नाहीत.

चमत्कार वगैरे काही नाही. पण परवा त्याने दोन वस्तू घेतल्या आणि तिसरीसाठी दुकानातूनच मला पुण्याला फोन लावला. "अरे, माझी यादी घरीच राहिली. तिसरं काय होतं?"

काहीतरी राहिलंय, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो, तरी उठून बाहेर आलो.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे. आणि ओरडण्याआधी एकदा माझी आठवण काढा. चला, भेटू पुढच्या भागात!